आधी काय दिसलं ते सांगा

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भ, खानदेश, मराठवाड्याचा काही भाग आणि शेजारच्या गुजरात-मध्य प्रदेशातल्या लोकांनी आकाशातून जळते गोळे रांगेनं सरकत जाताना पाहिले. हातातले मोबाइल वर झाले आणि बघता बघता ते व्हिडिओ राज्यभर फिरले. प्रत्येक व्हिडिओला निकालही जोडलेलाच होता. कुणी म्हणालं उल्का, कुणी म्हणालं विमान पेटलं, कुणी क्षेपणास्त्र. आणि परग्रहावरचं यान आलं असं छातीठोकपणे सांगणारेही होतेच. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावी धातूचं भलंमोठं कडं पडलेलं सापडलं. पुढे आसपासच्या शिवारांत धातूचे गोळेही मिळाले.

अवकाशात फिरणाऱ्या मानवनिर्मित वस्तूंची बारकाईनं नोंद ठेवणारे अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी लगोलग सांगितलं, की हा चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेला आणि वर्षभर पृथ्वीभोवती घिरट्या घालून खाली आलेला. इस्रोचं पथकही येऊन ते अवशेष पाहून गेलं. उल्कावाले, विमानवाले, क्षेपणास्त्रवाले आणि तबकडीवाले, सगळेच तोंडघशी पडले.

त्या रात्री गच्चीवरून बोलण्यासारखं खरं वाक्य एकच होतं: ‘अमुक दिशेकडून तमुक दिशेकडे, मिनिटभर, पाच-सहा तुकडे एकामागे एक; काय होतं ठाऊक नाही.’ माझं सगळं आवाहन या वाक्यापुरतंच आहे. असं काही दिसलं, की ते काय असेल हे ठरवण्याआधी काय दिसलं ते सांगा, आणि दुसरा सांगत असेल तर ते पुरतं ऐका. परग्रहवासी येऊन जातात असं मानणारे ही पायरी गाळतात. न मानणारेही गाळतात. म्हणून या विषयावरचे वाद पंचाहत्तर वर्षं चाललेत आणि जिथले तिथेच आहेत.

आता त्या वाक्यात काय काय दडलंय ते पाहा. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर अशा वेगानं वातावरणात शिरते. बहुधा ‘ते बघ’ म्हणेपर्यंत संपते. कक्षेतून खाली आलेला रॉकेटचा टप्पा त्यामानानं सावकाश, सेकंदाला आठेक किलोमीटरनं, आणि जवळजवळ आडवा येतो. म्हणून तो मिनिटभर किंवा त्याहूनही जास्त दिसत राहतो, वाटेत फुटतो, आणि फुटलेले तुकडे शिस्तीत एकाच दिशेला चाललेले दिसतात. किती वेळ दिसलं आणि तुकडे कसे चालले होते, एवढं सांगितलं तरी जाणकाराचं निम्मं काम होतं. उलट ‘पलीकडच्या गावात उतरलं’ हे प्रत्येक जण सांगतो आणि ते जवळजवळ नेहमीच चुकतं. हा प्रकाश साठ-सत्तर किलोमीटर उंचीवरचा असतो. तो एकाच वेळी अनेक जिल्ह्यांना दिसतो, आणि प्रत्येक जिल्ह्याला तो आपल्याच शेजारी उतरल्यासारखा वाटतो.

यात कुणी खोटं बोलत नसतं. अंधारात एखाद्या उजेडाचा आकार माहीत नसेल तर त्याचं अंतर डोळ्याला कळत नाही, आणि अंतर कळलं नाही तर वेगही कळत नाही. हे शेतकऱ्याच्या डोळ्याला लागू आहे तसंच लढाऊ विमानाच्या कॅमेऱ्यालाही. अमेरिकी नौदलाच्या विमानातून २०१५ साली घेतलेली ‘गो फास्ट’ नावाची चित्रफीत तुम्ही पाहिली असेल. समुद्राच्या पाण्यालगत काहीतरी भन्नाट वेगानं जाताना दिसतं आणि विमानातली माणसं हर्षानं ओरडतात. ‘नासा’नं नेमलेल्या अभ्यासगटानं २०२३ च्या अहवालात त्याच चित्रफितीच्या पडद्यावरचे आकडे घेतले, विमानाची उंची, कॅमेऱ्याचा कोन, वस्तूपर्यंतचं अंतर, आणि शाळेतल्या त्रिकोणमितीनं हिशोब केला. वस्तू पाण्यालगत नव्हतीच. ती सुमारे १३ हजार फुटांवर होती. वेग निघाला ताशी ४० मैलांच्या घरात, त्या उंचीवरच्या वाऱ्याशी जुळणारा. पळत होतं ते कॅमेरा बसवलेलं विमान. वस्तू कोणती होती हे या हिशोबातून कळत नाही, आणि अभ्यासगटानंही तसा आव आणला नाही. अचाट वेगाचा दावा मात्र तिथेच संपला.

आणखी एक गोष्ट आपल्या देशातली आहे. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखच्या सीमेवर आपल्या जवानांनी सरोवरावरच्या आकाशात अनोळखी दिवे पाहिल्याच्या ३२९ नोंदी केल्या. समोर चीन, तेव्हा हे चिनी ड्रोन असणार असा संशय आला. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांना विचारणा झाली आणि दिवे निघाले गुरू आणि शुक्र. यावर हसणाऱ्यांनी तिथे एक रात्र काढून यावं. विरळ, स्वच्छ हवेत डोंगरावर टेकलेला ग्रह केवढा दिसतो ते कळेल. शिवाय जवानांनी पाहिलेलं लिहून ठेवलं होतं, म्हणूनच शास्त्रज्ञांना ते ग्रहांच्या गणिताशी ताडता आलं. नोंद नसती तर आज तीच गोष्ट ‘लडाखचं गूढ’ म्हणून विकली गेली असती. काही ठिकाणी अजूनही विकली जातेच म्हणा.

२०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातल्या आणि मराठवाड्यातल्या कितीतरी गावांनी रात्री घिरट्या घालणाऱ्या दिव्यांनी झोप उडाल्याचं सांगितलं. तिथे ना परग्रहवासी होते ना चिनी. चोर ड्रोननं घरांची टेहळणी करतात, असं गावानं ठरवलं आणि पहारे सुरू झाले. अमेरिकेत १९४७ पासून असा दिवा दिसला की यान होतं, सीमेवर शत्रू होतो, गावात चोर होतो. वरचा दिवा ग्रहाचा, ड्रोनचा, विमानाचा, उपग्रहाचा, कशाचाही असो. त्याला नाव मिळतं ते पाहणाऱ्याच्या मनात आधीच बसलेल्या धास्तीचं, नाहीतर हौसेचं. म्हणून तुमच्या मनात पहिलं नाव जे येईल ते बोलू नका, निदान पाच मिनिटं.

‘पण पाहणारे शिकलेले होते, लष्करातले होते, त्यांची चूक कशी होईल?’ हा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर इंग्लंडमधल्या एका प्रकरणात आहे. सफोक परगण्यातलं रेंडलशॅमचं जंगल. त्याला लागून वुडब्रिज आणि बेंटवॉटर्स हे हवाई तळ, दोन्ही तेव्हा अमेरिकी हवाई दलाच्या ताब्यात. २६ डिसेंबर १९८० च्या पहाटे तीनच्या सुमारास पहाऱ्यावरच्या सैनिकांना जंगलात काही प्रकाश उतरताना दिसला. विमान पडलं असेल म्हणून काही जण आत गेले. दोन दिवसांनी, २८ च्या पहाटे, तळाचे उपप्रमुख लेफ्टनंट कर्नल चार्ल्स हॉल्ट स्वतः माणसं घेऊन जंगलात शिरले. सोबत किरणोत्सार मोजायचं यंत्र आणि खिशातला टेपरेकॉर्डर. पूर्वेकडे झाडांतून लुकलुकणारा दिवा, आकाशात तासन्‌तास दिसत राहिलेल्या ताऱ्यांसारख्या वस्तू, जमिनीवर तीन खळगे, झाडांवर खुणा, आणि यंत्राचा काटा हललेला. १९८३ मध्ये एका इंग्रजी साप्ताहिकानं हे सगळं पहिल्या पानावर छापलं आणि ‘ब्रिटनचं रॉझवेल’ जन्माला आलं (मूळ रॉझवेलकडे पुढे येऊच).

आता हेच सामान एकेक करून उचलून पाहा. २६ च्या पहाटे त्याच सुमारास दक्षिण इंग्लंडवरून एक तेजस्वी अशनी जळत गेला होता. इतरांनीही तो पाहिला होता. जंगलातले खळगे तिथल्या वनरक्षकानं पाहिले आणि सशांनी उकरलेली माती म्हणून सांगितलं. झाडांवरच्या खुणा कुऱ्हाडीच्या होत्या. कुठली झाडं तोडायची यासाठी वनखात्याच्या माणसांनीच त्या केल्या होत्या. यंत्रावरची नोंद त्या यंत्राच्या मोजपट्टीच्या अगदी तळाची होती, जिथे यंत्राला नीट मोजता येत नाही. आणि पूर्वेचा दिवा? जंगलाच्या कडेपासून काही मैलांवर किनाऱ्यावर ऑर्फर्डनेसचं दीपगृह होतं. ते दर पाच सेकंदांनी एक झोत टाकी. हॉल्ट यांच्या टेपवर ‘तो पाहा परत’ अशा अर्थाच्या हाका ऐकू येतात, आणि त्यांच्यातलं अंतर भरतं पाच सेकंद. पोलिसांनी तर पहिल्याच रात्री नोंद केली होती, की दिसणारा उजेड फक्त दीपगृहाचा आहे. आत गेलेल्या सैनिकांच्या तेव्हाच्या जबानीतही आहे, की एका दिव्यामागे बरंच चालून गेल्यावर तो दीपगृहाचा असल्याचं कळलं.

हॉल्ट यांना हे पटलेलं नाही. २०१० साली प्रतिज्ञापत्र करून त्यांनी सांगितलं, की आपण पाहिलं ते पृथ्वीबाहेरचं होतं. त्यांच्या प्रामाणिकपणावर मला शंका नाही. टेप त्यांनीच केली, लपवली नाही. अप्रामाणिक माणूस ती नष्ट करता. पण १९८० च्या टेपवरचे पाच सेकंद आणि तीस वर्षांनंतरची आठवण यांत मी टेपला जास्त मानेन. त्या तीस वर्षांत इतर साक्षीदारांच्या कथाही वाढत गेल्या. सुरुवातीच्या जबान्यांत दूरवरचा उजेड होता. पुढे यानाला हात लावला, त्यावरच्या चिन्हांची वही ठेवली, इथपर्यंत मजल गेली. आठवण कपाटात ठेवलेल्या कागदासारखी तशीच्या तशी राहत नाही. दर वेळी सांगताना ती थोडी नव्यानं घडते, आणि समोरचा तोंडात बोट घालून ऐकत असेल तर जरा जास्तच घडते. घरातल्या थोरल्यांच्या भुताच्या गोष्टी आठवा. पहिल्या वर्षी पांढरं काहीतरी असतं, दहाव्या वर्षी त्याचे पाय उलटे झालेले असतात.

इथपर्यंत वाचून विवेकवादी वाचक खूश झाले असतील. आता त्यांच्याशी बोलायचंय. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीनं मोठं काम केलंय, तिची किंमत रक्तानं मोजली आहे, आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. म्हणूनच हक्कानं सांगतो: साक्षीदाराची खिल्ली उडवणं म्हणजे तपास नव्हे.

१७६८ साली फ्रान्समध्ये ल्युसे गावी शेतकऱ्यांनी आकाशातून दगड पडताना पाहिला. विज्ञान अकादमीनं ज्यांच्याकडे तो तपासायला दिला त्यांत लव्हॉझिए होता, आधुनिक रसायनशास्त्राचा जनक. निष्कर्ष काय आला? दगड इथलाच, त्याच्यावर वीज पडली असावी. आकाशात दगड नसतात, मग पडतील कुठून? खेडुतांचं म्हणणं शहाण्यांनी बाजूला ठेवलं. २६ एप्रिल १८०३ रोजी नॉर्मंडीतल्या लेग्ल गावाच्या परिसरात दोन-तीन हजार दगडांचा पाऊस पडला, तेव्हा ज्यां-बातिस्त बियो या तरुण शास्त्रज्ञाला तिकडे पाठवलं गेलं. त्यानं गावोगाव पायपीट केली. एकमेकांशी संबंध नसलेल्या माणसांना गाठून त्यांनी काय पाहिलं, काय ऐकलं ते विचारलं. दगड कुठे कुठे पडले त्याचा नकाशा केला. तो लंबगोल निघाला. तसा दगड त्या भागात कुठल्या खाणीत किंवा भट्टीत मिळतो का, हेही पाहिलं. अशनी आकाशातून पडतात हे विज्ञानानं मान्य केलं ते त्याच्या त्या पायपिटीमुळे. आपल्या लोणारच्या विवराबद्दलही ज्वालामुखीचं पारडं बराच काळ जड होतं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथले खडक तपासले गेले तेव्हा अशनीपाताचा निकाल लागला.

ल्युसेच्या शेतकऱ्यांचं बरोबर का ठरलं, तेही पाहा. देवाचा कोप झाला की आणखी काही, हे त्यांना कोण विचारतो? दगड पडला, हे त्यांनी पाहिलं होतं आणि तेच खरं निघालं.

असंच वैमानिकांचं झालं. गडगडाटी ढगांच्या वर लालसर प्रकाश उसळतो असं ते कैक वर्षं सांगत. ऐकणारे मान हलवत आणि विसरत. ६ जुलै १९८९ रोजी मिनेसोटा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांकडून एक कॅमेरा तपासताना तो प्रकाश अपघातानं टिपला गेला. आज त्याला ‘स्प्राइट’ म्हणतात आणि त्याच्यावर शोधनिबंधांचा ढीग आहे.

तेव्हा कुणी सांगितलं की मला अमुक दिसलं, तर ‘शुक्र असेल’ असं तोंडावर फेकू नका. शुक्र त्या दिवशी त्या वेळी उगवलेला होता का? घरातलं पंचांग उघडा, ग्रहांची स्थिती त्यात दिलेली असते. भविष्य सोडून या कामालाही ते चांगलं आहे. जे. अ‍ॅलन हायनेक हे अमेरिकी हवाई दलाचे खगोलशास्त्रीय सल्लागार. मार्च १९६६ मध्ये मिशिगनमधल्या काही दिव्यांबद्दल त्यांनी पत्रकार परिषदेत ‘दलदलीतला वायू’ ही शक्यता सांगितली. तपास घाईचा होता, लोकांना तो स्वतःचा अपमान वाटला, वर्तमानपत्रांनी टर उडवली, आणि तिथले खासदार जेराल्ड फोर्ड, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी संसदेकडे चौकशी मागितली. त्या एका वाक्यानं ‘सरकार लपवतंय’ म्हणणाऱ्यांना जेवढं बळ दिलं तेवढं दहा तबकड्यांनी दिलं नसतं. हायनेक स्वतः पुढे या विषयाकडे जास्त गांभीर्यानं पाहू लागले.

सरकार लपवतं का? लपवतं की. रॉझवेलचंच घ्या. जुलै १९४७, न्यू मेक्सिको. एका पशुपालकाला कुरणात चुरगळलेलं सामान मिळालं. हवाई तळानं ८ जुलैला जाहीर केलं की उडती तबकडी हाती लागली, आणि लगेच वरिष्ठांनी सांगितलं की छे, हवामानाचा फुगा आहे. हे दुसरं सांगणं पूर्ण खरं नव्हतं. १९९४ मध्ये हवाई दलानं कबूल केलं, की ते बहुधा ‘मोगल’ नावाच्या गुप्त प्रकल्पाचे फुगे होते. रशियाच्या अणुचाचण्यांचा आवाज उंच हवेत टिपण्यासाठी सोडलेले. पुढे पन्नाशीच्या दशकात यू-२ हे हेरगिरीचं विमान साठ हजार फुटांवर उडायला लागलं. इतक्या उंचीवर विमान असू शकतं हेच लोकांना ठाऊक नव्हतं. संध्याकाळी खाली अंधारलेलं आणि वर ते उन्हात चमकणारं. तक्रारी आल्या, आणि खरं सांगता येत नव्हतं म्हणून काहीतरी दुसरं सांगितलं गेलं.

म्हणजे संशय घेणारे वेडे नव्हते. सरकार खोटं बोललं हा त्यांचा निष्कर्ष बरोबर होता. पण खोटं कशाबद्दल बोललं, इथे त्यांनी सुतावरून स्वर्ग गाठला. आपल्याकडेही हा घोटाळा होतो. १९ नोव्हेंबर २०२३ ला इम्फाळच्या विमानतळाजवळ अनोळखी वस्तू दिसली म्हणून काही तास उड्डाणं थांबवली, हवाई दलाची विमानं शोधायला गेली, हाती काही लागलं नाही. विमानतळ बंद ठेवणं हा खबरदारीचा निर्णय आहे. ‘सरकारनंसुद्धा मानलं’ असा त्याचा अर्थ लावून पुढे पाठवणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

मग उरलेल्या प्रकरणांचं काय? अमेरिकी हवाई दलाच्या ‘ब्लू बुक’ प्रकल्पानं १९६९ मध्ये गाशा गुंडाळला तेव्हा १२,६१८ नोंदींपैकी ७०१ अनुत्तरित होत्या. मानणारे या ७०१ वर बोट ठेवतात, न मानणारे उरलेल्या साडेअकरा-बारा हजारांवर. दोघांनाही मी फ्रान्सकडे बघायला सांगेन. तिथे राष्ट्रीय अंतराळ संस्थेत, तुलूझला, १९७७ पासून या कामासाठी एक छोटा विभाग आहे. आज त्याला ‘गेइपान’ म्हणतात. लोकांची निवेदनं घेतात, गरज पडली तर जागेवर जातात, आणि प्रकरणं लोकांना पाहायला खुली ठेवतात. त्यांच्या वर्गवारीत एक शहाणपण आहे: माहिती अपुरी म्हणून न सुटलेली प्रकरणं वेगळी, आणि माहिती भरपूर असूनही न सुटलेली वेगळी. दुसऱ्या प्रकारची जेमतेम काही टक्के निघतात. रहस्य म्हणायचं तर तेवढ्यालाच म्हणा. बाकीच्यांत रहस्य नसतं, टिपण अर्धवट असतं. आणि त्या काही टक्क्यांपुढे ‘म्हणजे परग्रहवासीच’ असं तो विभाग लिहीत नाही. प्रश्न उघडा ठेवतो आणि पुढच्या कामाला लागतो. आपल्याला हेच जमत नाही. उत्तर माहीत नसताना शांत झोप लागणं ही सवय करून घ्यावी लागते.

‘एवढ्या मोठ्या विश्वात आपण एकटेच का?’ हा प्रश्न वेगळा आहे, आणि वादात तो मधेच घुसवला जातो. दुसरीकडे जीवसृष्टी असणं आणि तिथल्या कुणी मंगळवारी रात्री आपल्या शेतावर येऊन जाणं, या दोन दाव्यांत फार मोठं अंतर आहे. किती? १९७७ मध्ये निघालेलं व्हॉयेजर १ सेकंदाला १७ किलोमीटरनं पळतंय. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा आहे तेवढं अंतर कापायला त्याला सत्तर हजारांहून जास्त वर्षं लागतील. आपल्याहून पुढारलेल्यांना हे जमणारच नाही, असं मी म्हणत नाही. पण पहिलं मानलं म्हणून दुसरं आपोआप सिद्ध होत नाही, आणि दुसरं नाकारणारा पहिलंही नाकारतोच असं नाही.

जयंत नारळीकरांचं पाहा ना. विज्ञानकथांतून परग्रहवासी मराठी घराघरांत नेणारा हा माणूस. पृथ्वीबाहेरून सूक्ष्म जीव इथे येत असतील का, या प्रश्नावर ते नुसते बोलत बसले नाहीत. हैदराबादहून मोठे फुगे सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक नळ्यांत भरून आणायचा प्रयोग इस्रोच्या साहाय्यानं २००१ आणि २००५ मध्ये झाला. त्याचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. जिवाणू सापडले. २००९ मध्ये तीन नव्या प्रजाती जाहीर झाल्या, एकीला फ्रेड हॉइल यांचं नाव, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं. ते जिवाणू बाहेरून आले असं म्हणण्याचा मोह किती असेल? पण निवेदनात स्पष्ट होतं, की यातून पृथ्वीबाहेरचं मूळ निर्णायकपणे सिद्ध होत नाही. कल्पना मनापासून आवडणं आणि तिचा पुरावा अपुरा आहे हे स्वतःच्या तोंडानं सांगणं, दोन्ही एकाच माणसात राहू शकतं.

या श्रद्धेनं कुणाचं काय बिघडतं, असं विचाराल. बहुतेकांचं काहीच नाही. चार घटका करमणूक होते. पण मार्च १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात एका पंथाच्या ३९ जणांनी सामूहिक आत्महत्या केली. तेव्हा दिसत असलेल्या हेल-बॉप धूमकेतूमागून यान येतंय आणि ते आपल्याला न्यायला येतंय, असं त्यांना वाटत होतं. काही महिने आधी एका हौशी छायाचित्रात धूमकेतूजवळ एक ‘वस्तू’ दिसल्याचा गाजावाजा झाला होता. तो साधा तारा असल्याचं खगोलशास्त्रज्ञांनी लगेच दाखवून दिलं होतं. ज्यांना ऐकायचं नव्हतं त्यांनी ऐकलं नाही. परग्रहावरच्यांचा निरोप आपल्याला मिळतो असं सांगणारा कुणी भेटला आणि त्यानं पैसे मागितले, किंवा घरच्यांशी बोलू नका म्हणाला, तर पुराव्याची चर्चा करत बसू नका. उठा आणि घरी या.

बाकी रोजच्या कामाचं थोडं. रात्री काही वेगळं दिसलं तर मोबाइल काढण्याआधी घड्याळ पाहा. कुठल्या दिशेला दिसलं, घराच्या किंवा झाडाच्या शेंड्याच्या किती वर होतं, किती वेळ राहिलं, ते नंतर कुणाशीही बोलण्याआधी लिहून काढा. दोघांनी पाहिलं असेल तर वेगवेगळं लिहा. व्हिडिओ घ्यायचाच तर चौकटीत एखादं छत, खांब, डोंगराची कड येऊ द्या. नुसत्या काळ्या आकाशातला ठिपका कुणाच्या उपयोगाचा नाही. झूम करू नका. फोकस सुटला की साध्या ताऱ्याची तबकडी होते, आणि चित्रात रस्त्यावरचा दिवा असेल तर भिंगातल्या परावर्तनानं समोरच्या बाजूला हिरवट ठिपका उमटतो. हे दोन ‘परग्रहवासी’ माझ्याकडे सर्वांत जास्त येतात. मोत्यांच्या सरासारखे सरळ रेषेत जाणारे दिवे बहुधा स्टारलिंकचे नुकते सोडलेले उपग्रह असतात. २०१९ पासून ते नेहमीचे झालेत. टिपण घेऊन जवळच्या आकाशनिरीक्षण मंडळाकडे जा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. तिथली मंडळी तारीख-वेळ सांगितलीत तर आनंदानं शोधून देतील. आणि खरोखरच धातूचं काही पडलं असेल तर हात लावू नका. रॉकेटच्या टाक्यांत विषारी इंधनाचा अंश राहिलेला असू शकतो. पोलिसांना कळवा, मुलांना लांब ठेवा.

कुणी मला विचारलं की तुझं मत कशानं बदलेल, तर उत्तर तयार आहे. व्हिडिओनं नाही, शपथेवरच्या साक्षीनंही नाही. धातूचा तुकडा हवा. तो घडवलेला असावा, आणि त्यातल्या मूलद्रव्यांच्या समस्थानिकांचं प्रमाण आपल्या सूर्यमालेतल्या प्रमाणाहून वेगळं असावं. नुसतं प्रमाण वेगळं असून भागणार नाही. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन अशनीत सूर्याहून जुने कण मिळालेत आणि ते कुणी घडवलेले नाहीत. दोन देशांतल्या, एकमेकींशी न बोललेल्या प्रयोगशाळांनी तो तपासावा. मागणी अवघड आहे, पण अवास्तव नाही. १९४७ मध्ये कोसळलेल्या यानाचा म्हणून अनेक वर्षं मिरवलेला मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा एक तुकडा अमेरिकेत ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनं खरंच तपासला. २०२४ मध्ये निकाल जाहीर झाला: समस्थानिकं इथलीच, धातू इथलाच. ज्यांनी तो तुकडा तपासायला दिला त्यांचं मला कौतुक वाटतं. पुष्कळांना कपाटातून काढवत नाही. पुढचा कुणी देईल तो तुकडा या परीक्षेत उतरला, तर त्याच दिवशी मी माझं मत बदलेन. तुमच्या घरात यावरून वाद पेटला, तर समोरच्याला हाच प्रश्न विचारा, आणि त्यानं उलट विचारला तर द्यायला तुमचंही उत्तर जवळ ठेवा.